कोतमध्ये रायफल जमा झाल्यावर

पन्हाळ्याला येणारी माणसे तीन दरवाजासमोर फोटो काढतात, अंबरखाना बघतात, सज्जा कोठीवरून खालचा मुलूख न्याहाळतात आणि झुणका-भाकर खाऊन उतरतात. चार दरवाजा कुणी विचारत नाही, कारण तो आता उभाच नाही. आज ज्या बाजूने गाड्या गडावर चढतात तिथेच तो होता. १८४४ साली इंग्रजांनी तो पाडला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले आणि त्यात पन्हाळाही आला, याचा मला आनंद आहे. पण गडाची गोष्ट सिद्दी जौहरचा वेढा आणि बाजीप्रभू इथवर सांगून आपण थांबतो. पुढचे पान वाचत नाही.

ते पान गडकऱ्यांचे आहे. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी माणसे. रोख पगाराऐवजी त्यांना जमिनी असत. बाप गेला की मुलगा पहाऱ्याला उभा राही. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, वयाने लहान. कंपनी सरकारच्या पाठिंब्याने दाजी कृष्ण पंडित कारभार पाहू लागले आणि त्यांनी गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखाली आणल्या. ज्या जमिनीच्या जोरावर घर चालते तिच्यात दुसऱ्याचा हात शिरला. सामानगड आणि भुदरगडाच्या लोकांनी दरवाजे लावून घेतले. कंपनीच्या फौजा चालून आल्या. १३ ऑक्टोबर १८४४ ला सामानगड पडला. बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या बड्या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. १ डिसेंबरला पन्हाळाही पडला. मग तटबंदी फोडली, दरवाजे पाडले, आणि वंशपरंपरेची गडकरी पद्धत मोडीत निघाली.

माझी सगळी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत झाली. बेळगावच्या सेंटरला रंगरूट म्हणून गेलो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. माझ्या रेजिमेंटचे मूळ १७६८ सालच्या मुंबईच्या पलटणीत आहे, म्हणजे कंपनीच्याच फौजेत, आणि गडकऱ्यांवर चालून आली तीही कंपनीचीच फौज. हे मी लपवत नाही, आणि रेजिमेंटचा मला असलेला अभिमानही त्याने कमी होत नाही. पण सामानगडाच्या लढाईपेक्षा तिच्यानंतरचा दिवस मला जास्त छळतो. पट्टा, भाला, तलवार यांत हात बसलेला पस्तीस-चाळिशीचा माणूस. गड गेला, जमीन गेली, हत्यार गेले. तो उद्यापासून काय करणार?

त्याच प्रश्नाला पुण्यात आधीच एक उत्तर मिळाले होते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली. त्या लढाईत राघोजी साळवे पडले असे सांगतात. पुरंदरच्या पायथ्याचे हे मातंग घराणे शस्त्रविद्येचे. राघोजींचे चिरंजीव लहुजी यांच्या हाती चाकरी उरली नाही, पण विद्या उरली. १८२२ च्या सुमारास त्यांनी पुण्यात तालीम काढली. जोतीराव फुले त्या तालमीत हात शिकले. वासुदेव बळवंत फडके यांनाही दांडपट्टा तिथेच मिळाला. १८७९ साली याच फडक्यांनी बंड उभारले. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना लहुजी वस्ताद म्हणून ओळखू लागला ते हेच राघोजींचे चिरंजीव. जातीच्या भिंती छातीएवढ्या उंच असलेल्या त्या पुण्यात एक मातंग वस्ताद उच्चवर्णीयांच्या पोरांना पवित्रा शिकवत होता. शस्त्राच्या इतिहासात हे पान मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठे वाटते.

मर्दानी खेळांचा इतिहास आपण नेहमी हत्यारबंद माणसांचा म्हणून सांगतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला आपल्याला पाठ आहे, आणि असायलाच हवा. पण पेशवाई बुडाल्यापुढची दोनशे वर्षे ही विद्या जगवली ती हत्यार काढून घेतलेल्या माणसांनी. चाकरीतून सुटलेला शिलेदार, गड गेलेला गडकरी, पलटणीतून घरी आलेला शिपाई, असे लोक तालमीच्या मातीत उतरले म्हणून आज एखाद्या पोराच्या हातात पट्टा दिसतो.

मी हे पुस्तके वाचून आधी नाही मानले. आमच्या गावाजवळच्या वाघबिळाच्या फाट्यावर मानले.

निवृत्तीच्या वेळी फौजी आपली रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा करतो, रजिस्टरवर सही करतो आणि बाहेर पडतो. इतकी वर्षे खांद्यावर असलेले वजन नाहीसे होते, पण चालताना खांदा जरा कललेलाच राहतो. गावी आल्यावर मी शेती बघू लागलो. पाण्याच्या मोटारीसाठी बँकेतून रक्कम काढली होती. फाट्यावर एसटीतून उतरलो, दिवस मावळला होता, उसाच्या कडेने शेताकडे निघालो. मागून मोटरसायकल आली. दोन पोरे, विशीच्या आतबाहेरची. एकाच्या हातात कोयता. पिशवी ओढली, मी सोडली नाही, तेव्हा कोयत्याची उलटी बाजू मनगटावर बसली. पिशवी गेली. पैशांबरोबर कॅन्टीनचे कार्ड गेले आणि सेंटरच्या दिवसांपासून जपलेले घड्याळ गेले. रीतसर तक्रार दिली. हाती काही लागले नाही.

पैशाचे दुःख महिन्याभरात ओसरले. दुसरे ओसरेना. मला लढायला शिकवले होते, पण ते शिक्षण रायफल, सेक्शन आणि हुकूम यांच्यासोबतचे होते. अंधाऱ्या रस्त्यावर एकटा, रिकाम्या हाताचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस काय करतो, याची कवायत कुणी घेतलेली नव्हती. हीच कवायत १८४५ साली गडकऱ्याला लागली असेल, असे त्या दिवसांत सारखे मनात येई.

मनगट बसवायला मी कोल्हापुरात एका जुन्या वस्तादांकडे गेलो. प्लास्टर निघाले होते, पण मूठ वळत नव्हती. शिवाजी पेठेतली तालीम, आत लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीला टांगलेल्या फऱ्या आणि गदगे. वस्तादांनी तेल लावून मनगट चोळायला घेतले, बोटांनी एकेक हाड चाचपले आणि विचारले, "सुभेदार, कोयता हिकडनं आला न्हवं? आन्‌ तुमचा पाय मागं गेला?" मी हो म्हटले. "तिथंच चुकलं बगा. हात न्हाई मोडला तुमचा. पाय मोडला."

हाड बसवणारा हातच वार शिकवतो ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बडोद्याचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव (१८७८–१९५४) जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झाले, आणि लाठीइतकेच त्यांचे नाव हाडे बसवण्यासाठी होते. सांधा कुठे निखळतो हे ज्याला ठाऊक, त्याला तो कुठे बसतो हेही ठाऊक असते. माणिकरावांनी आणखी एक मोठे काम केले: एकेकट्या वस्तादाच्या डोक्यात असलेले हात त्यांनी ओळीत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना एका आज्ञेवर शिकवण्याजोगे केले. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. मराठीत एवढे काम झालेले आहे. आपल्या शाळांतल्या किती खेळशिक्षकांनी त्यातला एक खंड हातात घेतला असेल?

हाडे बसवणाऱ्यांच्या दारात मी एकटाच पोचलो असे नाही. विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज रॉयल मरीन्समधून सुटून १९०७ मध्ये शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत भरती झाला. तिथल्या गल्ल्यांत रात्रीच्या गस्तीवर टोळक्याने त्याला असा मारला की शुद्ध आली ती इस्पितळात. तिथे त्याला ओकाडा नावाच्या जपानी गुरूची पाटी दिसली, जुजुत्सू आणि हाडे बसवणे या दोन्ही विद्यांची, अशी हकिकत सांगितली जाते. तो त्या ओकाडांकडे शिकला हे मात्र पक्के. १९२६ साली त्याला जुदोचा काळा पट्टा मिळाला, त्याच साली त्याचे पुस्तक निघाले. त्याने शांघायच्या पोलिसांना शिकवले, आणि १९४० नंतर ब्रिटिश कमांडोंना. त्याच्या नावाचा खंजीर जगभरच्या कमांडो दलांच्या चिन्हांवर आजही आहे. माजी सैनिक, रस्त्यावर पडलेला, हाडवैद्याच्या दारात उठलेला. सैन्यात आम्हाला रिकाम्या हाताचे जे थोडे डाव दाखवत, त्यांत या माणसाची सावली आहे असे मी समजतो. मार खाल्लेल्या एका माणसाने शिकून दुसऱ्यांना द्यावे, एवढ्याने विद्या किती लांब जाते!

वस्तादांनी मला पहिले कित्येक आठवडे हत्यार दिले नाही. जमिनीवर खडूने चौकोन आखला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर पाय टाकत फिरायला लावले. गुडघे वाकलेले, टाच हलकी, नजर समोरच्याच्या छातीवर. "पाय सरकवायचा न्हाई सुभेदार, ठेवायचा." परेड ग्राउंडवर आम्ही टाच आपटतो, इथे टाच आपटली की वस्ताद थांबवत. वार आला की मागे न जाता बाजूच्या कोपऱ्यावर जायचे, म्हणजे कोयता रिकाम्या जागेतून जातो आणि मारणाऱ्याची बगल आपल्या समोर उघडी पडते. फाट्यावर माझा पाय सरळ मागे गेला होता, आणि मनगट तिथेच राहिले होते.

मग लाठी आली. भरीव बांबूची, कानाच्या उंचीची. नंतर फरी-गदगा. फरी म्हणजे छोटी कातडी ढाल, गदगा म्हणजे कातडे मढवलेली वेताची काठी. तलवारीचे सगळे हात यावर शिकतात: माथ्यावर येणारे शिर, कानशिलावर येणारा तमाचा, उलट बाजूने येणारा बाहेरा. काठी मढवलेली असल्याने जीव जात नाही, पण फरी अर्ध्या वितीने चुकली की दंडावर जो वळ उठतो तो आठवडाभर शिकवत राहतो. समोर खरा माणूस, खरा वेग, आणि चुकीची खरी किंमत: सगळ्या मर्दानी खेळांत हे देणारे हत्यार हेच.

पट्टा सर्वांत शेवटी. तो जवळून पाहिल्याशिवाय त्याचे नेमके मोठेपण कळत नाही. मूठ उघडी नसते; लोखंडी खोबळ्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत आत जातो आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. त्यामुळे मनगट बंद होते. तलवारीत जे काम मनगट करते ते इथे कोपर, खांदा आणि कंबर करतात. पाते सरळ, लांब, लवचीक, दोन्ही बाजूंनी धारेचे. ते थांबवता येत नाही, फक्त वळवता येते; म्हणून एक वार संपतो तिथून दुसरा सुरू व्हायला हवा, आणि सगळा वेळ पाय चौकोनावर पडत राहायला हवेत. चारी बाजूंनी घेरलेल्या एकट्या माणसाचे हे हत्यार आहे. मोडलेल्या मनगटाच्या मला पट्टा लाठीपेक्षा लवकर जमला, याचे कारण आता लक्षात येईल.

हे सगळे कोल्हापुरात टिकले याला माझ्या मते दोन कारणे आहेत. पहिले, १८७८ चा शस्त्र कायदा. ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा झाला. वाड्यातल्या तलवारी जमा झाल्या किंवा आढ्यावर गंजल्या. कोल्हापूर हे संस्थान; कायदा करणाऱ्यांचा थेट अंमल इथे नव्हता. दुसरे कारण राजर्षी शाहू महाराज. १८९४ मध्ये अधिकार हाती आल्यापासून १९२२ पर्यंत त्यांनी पैलवानाला पोसले, तालमींना आधार दिला. विलायतेच्या प्रवासात रोमचे जुने मैदान पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधले, ते १९१२ साली पुरे झाले. राजाश्रय कुस्तीला होता, पण त्याच तालमींच्या भिंतींवर फरी-गदगेही टांगलेले राहिले. पेठेतला पोरगा सकाळी मातीत आणि संध्याकाळी पवित्र्यात, अशी वहिवाट पडली. तिकडे अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

आता आजच्याविषयी, आणि हे मी तळमळीने लिहितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. शिवजयंतीला चौकाचौकांत मर्दानी खेळ होतात, मुलींची पथके मुलांच्या बरोबरीने उतरतात, पट्ट्याने तळहातावरचे लिंबू कापले की टाळ्या पडतात. मुलींना मैदानात पाहून माझा ऊर भरून येतो. पण बारकाईने पाहा. लिंबू हलत नाही. जळती बनेटी फिरवणाऱ्याच्या समोर कुणी उभा नसतो. दोघे समोरासमोर असले तरी वार आधी ठरलेले असतात. फरी-गदग्याची खरी जोडी, जिथे समोरचा काय करेल हे ठाऊक नसते, ती आता फार थोड्या तालमींत लागते. मिरवणुकीला वेळ कमी, गर्दी दाट, ढोल मोठा. त्यात जोडी बसत नाही, म्हणून ती शिकवलीही जात नाही.

दुसऱ्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने खेलो इंडिया युवा स्पर्धांत पंजाबचा गतका, केरळचे कळरीपयट्टू, मणिपूरचे थांग-ता आणि आपला मल्लखांब घेतला. गतका म्हणजे आपल्या फरी-गदग्याचा सख्खा भाऊ: काठी, छोटी ढाल, समोरासमोरची जोडी. पंजाब्यांनी त्याला नियम दिले, पंच दिले, गुण मोजायची पद्धत दिली, आणि तो राष्ट्रीय मैदानात गेला. मल्लखांबानेही तेच केले, म्हणून पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांच्या नावाशी जोडलेला हा व्यायाम आज स्पर्धेत आहे. फरी-गदगा त्या यादीत नाही. आपल्याकडे वस्तादांची वाण नाही आणि पोरांचीही नाही. एकत्र बसून नियम ठरवायला कुणी तयार नाही, एवढेच.

माझ्यासारखे हजारो फौजी कोल्हापूर, सातारा, सांगली जिल्ह्यांत पेन्शनवर आहेत. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाला तर मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण पडले. या माणसांना शिस्त ठाऊक आहे, पंचाचा निकाल मानणे ठाऊक आहे, पहाटे उठणे ठाऊक आहे. बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभे राहण्यापलीकडे गावाने त्यांना काही विचारलेले नाही. त्यांना तालमीत बोलवा. वस्तादांनी हात शिकवावेत, फौजींनी स्पर्धा उभ्या कराव्यात.

मी आता वस्तादांच्या हाताखाली संध्याकाळची पोरे सांभाळतो. आमच्या तालमीपुरते आम्ही ठरवले आहे: वर्षभर फरी-गदग्याच्या जोडीत उतरल्याशिवाय कुणालाही मिरवणुकीत पट्टा मिळणार नाही, मुलगा असो वा मुलगी. बाकीच्या तालमींनीही हा नियम करावा, आणि जोतिबाच्या यात्रेनंतर सगळ्यांनी एका मैदानात येऊन जोड्या लावाव्यात, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मैदान आखून द्यायला आणि पंच म्हणून उभे राहायला आम्ही माजी सैनिक तयार आहोत.